परवाना मुक्त, पण पुस्तिका कोठे?

एखाद्या कामगार संघटनेने ठरवावे, की आपली चाळीस वर्षांची परिपत्रके, करार आणि ठराव परक्या कंपनीच्या भाड्याच्या जागेवर न ठेवता संघटनेच्या स्वतःच्या संगणकावर ठेवायचे व तेथून ते सर्वांना वाचता येतील अशी व्यवस्था करायची. आणि हे काम संगणकाची थोडीफार ओळख असलेल्या एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या गळ्यात पडावे. प्रसंग कल्पित आहे, पण ज्यांनी असे काम अंगावर घेतले आहे त्यांना तो अनोळखी वाटणार नाही. हा कार्यकर्ता अपाची नावाचा वेब सर्व्हर निवडतो. वेब सर्व्हर म्हणजे कोणी पान मागितले की ते शोधून हाती देणारी प्रणाली. अपाची मुक्त स्रोताची आहे. तिची आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, असा तिचा परवाना आहे. तासाभरात ती संगणकावर बसते. सर्व्हर चालू असल्याचे सांगणारे स्वागताचे पानही दिसते. मग तो कागदपत्रांचे फोल्डर दाखवून देतो, पान मागतो आणि पडद्यावर ४०३ हा आकडा आणि मनाई असल्याचा एक शब्द उमटतो. त्यानंतरचे तीन दिवस कसे जातात, हा ह्या लेखाचा विषय आहे.

४०३ चा अर्थ एवढाच, की मागणी समजली पण ती पुरवली जाणार नाही. का पुरवली जाणार नाही, हे तो आकडा सांगत नाही. त्यामागे किमान तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि तिन्ही पडद्यावर सारखीच दिसतात.

पहिले कारण अपाचीच्या स्वतःच्या नियमांत असते. २०१२ साली अपाचीची २.४ ही आवृत्ती आली आणि कोणाला आत सोडायचे, हे सांगण्याची भाषाच बदलली. त्यापूर्वी 'ऑर्डर', 'अलाऊ', 'डिनाय' अशा तीन शब्दांनी जे लिहीत, ते आता 'रिक्वायर' ह्या एका शब्दाने लिहायचे असते. अनेक लिनक्स वितरणांत अपाची बसते तेव्हाच तिला सांगितलेले असते, की ठरावीक जागा सोडून अन्यत्र सर्वांना मनाई. कार्यकर्त्याने कागदपत्रे अन्यत्र ठेवलेली असतात. तो ज्या टिपणाच्या आधाराने चालला आहे ते २०१२ पूर्वीचे असते. टिपणातील जुना नियम तो जसाच्या तसा उतरवतो. जुनी भाषा समजणारा जोडभाग चालू असेल तर अपाची तो नियम मुकाट्याने स्वीकारते आणि नवी मनाई मात्र तशीच राहते. तो जोडभाग नसेल तर अपाची सुरूच होत नाही. टिपण लिहिणाऱ्याने लबाडी केलेली नसते. त्याने आपली आवृत्ती आणि तारीख लिहिलेली नसते, एवढेच.

दुसरे कारण अपाचीच्या बाहेरचे, यंत्राच्या मूळ व्यवस्थेतले. युनिक्सच्या परंपरेत फाइल वाचायची तर फाइलवर परवानगी असून भागत नाही. तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरमधून पुढे जाण्याची परवानगी लागते. वाड्याच्या शेवटच्या खोलीचे दार उघडे असले तरी दिंडीदरवाजा बंद असेल तर काय उपयोग? उबुंटू ह्या वितरणाने एप्रिल २०२१ च्या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे घरचे फोल्डर इतरांना बंद ठेवण्यास आरंभ केला. निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता. पण घरच्या फोल्डरात पाने ठेवा असे सांगणारी जुनी टिपणे त्या दिवसापासून निकामी झाली, आणि ती निकामी झाली आहेत हे त्यांच्यावर कोणी लिहिले नाही.

तिसरे कारण सर्वांत छळणारे. रेड हॅटच्या कुळातील वितरणांत एसई-लिनक्स नावाचा एक जादा पहारेकरी असतो. तो प्रत्येक फाइलला एक खूण चिकटवतो, आणि सर्व्हरसाठी असलेली खूण नसेल तर इतर सर्व परवानग्या ठीक असूनही फाइल देऊ देत नाही. गंमत अशी, की फाइलची नक्कल करून ती सर्व्हरच्या फोल्डरात ठेवली तर नकलेला त्या जागेची खूण मिळते. तीच फाइल तेथे हलवली तर ती जुनीच खूण घेऊन येते. दोन माणसे एकच काम करतात, एकाचे चालते, दुसऱ्याचे चालत नाही. अपाचीच्या नोंदवहीत ह्या मनाईचे शब्द दुसऱ्या कारणाच्या शब्दांसारखेच येतात. खरा खुलासा दुसऱ्याच एका नोंदवहीत, पहारेकऱ्याच्या स्वतःच्या वहीत असतो. ती वही आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने ती उघडावी कशी? त्यात पुन्हा डेबियनच्या कुळात ह्याच सर्व्हरला 'अपाची-२' म्हणतात आणि रेड हॅटच्या कुळात 'एचटीटीपीडी'. नियमांच्या फाइली एकीकडे एका ठिकाणी, दुसरीकडे दुसऱ्या.

अशा अवस्थेत सापडलेल्या माणसाला जो सल्ला सर्वांत सहज मिळतो, तो असा: परवानगीचा आकडा ७७७ करून टाका आणि पहारेकरी बंद करा. ७७७ म्हणजे त्या यंत्रावरील सर्वांना सर्व काही करण्याची मुभा. पहिल्या कारणावर ह्या सल्ल्याचा काडीचाही उपयोग नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर मात्र तो लागू पडतो, आणि धोका तेथेच आहे. पान दिसू लागते, कार्यकर्ता सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि ज्या यंत्रावर उद्या सभासदांची नावे, पत्ते, कदाचित वर्गणीच्या नोंदी ठेवल्या जाणार, त्याची कुलपे त्याने स्वतःच्या हाताने काढून ठेवलेली असतात. अज्ञानातून झालेली चूक तात्काळ फळ देते म्हणून ती चूक वाटत नाही.

हे केवळ तर्काने मांडलेले भय नव्हे. एंजिन-एक्स ह्या दुसऱ्या मुक्त सर्व्हरच्या बाबतीत २०१० साली एक प्रकार उजेडात आला. त्याला पीएचपी भाषेशी जोडण्याची एक कृती ठिकठिकाणी उतरवून घेतली जात होती. त्या कृतीप्रमाणे, पत्त्याच्या शेवटी विशिष्ट अक्षरे आली की सर्व्हर ती मागणी पीएचपीकडे सोपवी. आणि पीएचपी, नेमकी तशी फाइल सापडली नाही तर, पत्त्यातील अलीकडचा तुकडा धरून तीच फाइल चालवून पाही. म्हणजे एखाद्याने छायाचित्र म्हणून चढवलेल्या फाइलीत आज्ञा दडवल्या असतील तर त्या सर्व्हरवर चालवता येत. एंजिन-एक्सच्या मूळ आज्ञावलीत दोष नव्हता. दोष हातोहात गेलेल्या कृतीत होता. पुढे ह्या सर्व्हरच्या जाणकारांनी नेहमीच्या चुकांचे एक स्वतंत्र पान तयार करून त्यात ह्या कृतीचा समावेश केला. पण जुन्या कृती पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाच नसतो, त्या फिरतच राहतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. जगातल्या कोट्यवधी पानांचा भार वाहणाऱ्या प्रणाली उघड्या आहेत, त्यांची आज्ञावली वाचायला मिळते, त्या बनवणारी माणसे कुशल आहेत. मग त्या कशा बसवाव्यात आणि अडल्यास काय करावे, हे सांगणारे लेखन इतके विस्कळीत का? ह्याला आळस किंवा अनास्था असे उत्तर देणे सोपे आहे. ते खरे नाही.

अपाचीचाच इतिहास पाहावा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात, सार्वजनिक पैशाच्या आधाराने, रॉब मॅककूल ह्याने एक वेब सर्व्हर लिहिला. १९९४ च्या मध्यास तो केंद्र सोडून गेला आणि सर्व्हर पोरका झाला. तो वापरणारे ठिकठिकाणचे लोक आपापल्या अडचणी आपणच दुरुस्त करीत होते; फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांपैकी आठ जण एकत्र आले आणि त्यांनी ही ठिगळे जोडून एक सर्व्हर उभा केला. अपाची ह्या नावात 'ठिगळांचा' असा श्लेष आहे तो त्यामुळे. १ डिसेंबर १९९५ रोजी १.० ही आवृत्ती निघाली. तिच्यासाठी डेव्हिड रॉबिन्सन ह्याने माहितीलेखनाचा नवा संच तयार केला होता, आणि प्रकल्पाने स्वतःच्या इतिहासात ह्या कामाची त्याच्या नावानिशी नोंद ठेवली आहे. गट स्थापन झाल्यापासून वर्षाच्या आत अपाची जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर ठरला. ह्या यशाच्या कहाण्या सांगताना आठ जणांचे सहकार्य, खुला परवाना, ठिगळांची कल्पकता ह्यांचे वर्णन होते. पुस्तिकेचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. पण दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसाला ती ठिगळे वापरता आली, ती पुस्तिकेवाचून आली असती काय?

एंजिन-एक्सची कथा ह्याहून बोलकी आहे. इगोर सिसोयेव ह्या रशियन प्रोग्रामरने २००२ मध्ये तो लिहिण्यास घेतला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये जगाला खुला केला. एकाच वेळी हजारो मागण्या थोड्या स्मृतीत पेलण्याची त्याची क्षमता असामान्य होती. पण त्याची माहिती रशियन भाषेत होती. रशियाबाहेरच्या माणसाला आज्ञावली मिळत होती, परवाना मिळत होता, फक्त वाचता येत नव्हते. इंग्रजी जाणणाऱ्या जगाला एकदा तरी ही अवस्था भोगावी लागली हे एका अर्थी बरे झाले. मराठी, कन्नड, तमिळ मातृभाषा असलेला कार्यकर्ता रोज ती भोगतो. तेव्हा निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी रशियन पाने इंग्रजीत आणली, स्वतःचे अनुभव त्यांत घातले, आणि सर्व्हर जगभर पसरला. २०११ मध्ये त्याभोवती कंपनी उभी राहिली. २०१९ मध्ये एफ-फाइव्ह ह्या अमेरिकन कंपनीने ती सुमारे ६७ कोटी डॉलरना विकत घेतली. ह्या किमतीत भाषांतर करणाऱ्यांच्या आणि रात्री जागून अनोळखी माणसांच्या शंका सोडवणाऱ्यांच्या श्रमाचा वाटा किती, हे कोणत्याही ताळेबंदात लिहिलेले नाही. व्यवहार कायदेशीर होता. त्यात कोणी कोणाला फसवले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु सामुदायिक श्रमातून निर्माण झालेले मूल्य वैयक्तिक मालकीत कसे जाते, ह्याचा इतका स्वच्छ नमुना अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातही सापडणे कठीण.

पुस्तिका न लिहिली जाण्याचे आर्थिक कारण मुळात साधे आहे. ज्याला माहीत असते त्याला पुस्तिकेची गरज नसते. ज्याला गरज असते त्याला माहीत नसते. ह्या दोन अवस्थांच्या मध्ये एक अल्पसा क्षण असतो: अडचण नुकतीच सुटलेली असते आणि आपण कोठे अडलो होतो हे अजून आठवत असते. पुस्तिका लिहिण्याचा खरा मुहूर्त तोच. पण त्या क्षणी माणूस थकलेला असतो, पुढचे काम डोळ्यांसमोर असते, आणि लिहून ठेवण्याचा मोबदला म्हणाल तर शून्य. केनेथ अ‍ॅरो ह्यांनी १९६२ साली करता करता शिकण्याच्या प्रक्रियेला अर्थशास्त्रीय सिद्धांतात स्थान दिले. करता करता शिकलेले जर शिकणाऱ्यापाशीच राहिले, तर समाजाला तेच शिक्षण पुन्हा पुन्हा, प्रत्येक माणसामागे, पहिल्यापासून विकत घ्यावे लागते. हजारो कार्यकर्त्यांचे तीन-तीन दिवस असे जातात, आणि ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात तोटा म्हणून दिसत नाहीत.

दुसरे कारण हितसंबंधांचे. प्रणाली फुकट द्यायची आणि आधारसेवेचे पैसे घ्यायचे, असा मुक्त स्रोतातील व्यवसायाचा एक रूढ मार्ग आहे. ह्याच मार्गाने वाढलेली रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमने ३४०० कोटी डॉलरना घेतली. न्यायाने बोलायचे तर अशा कंपन्या पगारी लेखक नेमून उत्तम पुस्तिकाही काढतात, आणि त्या पुष्कळदा सर्वांना वाचायला मिळतात. तथापि अडलेल्या माणसाला जी नेमकी टीप हवी असते, ती बऱ्याच ठिकाणी वर्गणीदारांपुरती राखून ठेवलेली आढळते. ज्याचे उत्पन्न शंकांवर चालते, त्याला शंका संपाव्यात अशी उत्कंठा किती असणार? मुंबईच्या गिरण्यांत जॉबरचे महत्त्व केवळ भरतीच्या अधिकारामुळे नव्हते. कोणता साचा कसा वागतो हे त्याला ठाऊक असे आणि ते कोठेही लिहिलेले नसे. जेथे ज्ञान लिहिलेले नसते, तेथे जॉबर निर्माण होतो, मग साचा कापडाचा असो की संगणकाचा.

मुक्त प्रणालीच्या चळवळीने हा प्रश्न पाहिलाच नाही असे नाही. १९८३ मध्ये ह्या चळवळीचा संकल्प सोडणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी मुक्त पुस्तिकांचा अभाव हे मुक्त प्रणालींतील सर्वांत मोठे वैगुण्य असल्याचे सांगितले आहे, आणि २००० साली पुस्तिकांसाठी स्वतंत्र मुक्त परवानाही तयार झाला. परवाना झाला; लिहिणारे हात त्याने निर्माण केले नाहीत.

डाव्या वर्तुळात ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. अपाचीचे अधिकृत लेखन विस्तृत आहे, प्रत्येक नियमाचा अर्थ त्यात दिलेला आहे, मग तक्रार कशाची? आक्षेपात तथ्य आहे. ज्याला नेमका शब्द ठाऊक आहे त्याला ते लेखन उत्तम उपयोगी पडते. पण शब्दकोश हाती दिल्याने भाषा बोलता येत नाही. ४०३ दिसल्यावर आधी कोणती वही उघडावी, तीतील कोणत्या वाक्याचा अर्थ काय, आणि काय करून पाहू नये, हा क्रम कोशात नसतो. शिवाय त्या लेखनाची पाने फ्रेंच, जपानी, कोरियन, तुर्की भाषांत कमीअधिक प्रमाणात गेली आहेत; मराठीत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला, एखाद्या मोठ्या कंपनीची तयार सेवा घ्यावी. ज्या संघटना आपला छापखाना असावा म्हणून एकेकाळी पै-पै जमवीत, त्यांच्या वारसांनी हा आक्षेप घ्यावा, हे थोडे चमत्कारिक आहे.

केरळचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. त्या राज्याने २००१ मध्ये शाळांतील संगणकशिक्षणाचा 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा प्रकल्प हाती घेतला आणि काही वर्षांत तो मुक्त प्रणालींवर नेला. शिक्षकांच्या संघटनेने त्यासाठी आग्रह धरला होता, ही गोष्ट विसरता कामा नये. केवळ प्रणाली बदलून ते थांबले नाहीत. पाठ्यपुस्तके मलयाळममध्ये झाली, आणि शिक्षकांनीच शिक्षकांना प्रशिक्षण दिले. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त स्रोत प्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. धोरणाचा कागद आणि केरळचा शिक्षक ह्यांत अंतर आहे ते लिहिलेल्या, शिकवलेल्या, मातृभाषेत उतरवलेल्या पाठांचे.

महाराष्ट्रात हे काम कोणी सुरू करायचे, तर ज्यांच्या हाती संघटना आणि साप्ताहिके आहेत त्यांनी. त्यासाठी परिभाषेचे मंडळ नेमून बसण्याची आवश्यकता नाही. फिटरने स्पॅनरला मराठी शब्द सापडेपर्यंत नट सैल करायचा थांबवला नव्हता. 'परमिशन', 'फोल्डर', 'लॉग' हे शब्द आहेत तसे चालतील. लागते ती शिस्त. यंत्र कोणते, वितरण कोणते, सर्व्हरची आवृत्ती कोणती, तारीख काय. पडद्यावर काय दिसले आणि नोंदवहीतले वाक्य अक्षरशः काय होते. काय केले, त्यातले काय निष्फळ ठरले आणि शेवटी कशाने सुटले. निष्फळ ठरलेल्या गोष्टी लिहिण्याचा संकोच वाटतो, आणि अडलेल्याला सर्वांत उपयोग त्यांचाच होतो. ७७७ करून पाहिले व ते परत काढले, असे कोणी प्रांजळपणे लिहिले तर पुढच्या दहा यंत्रांची कुलपे शाबूत राहतील.

अशी टिपणे जुनी होतात, हे वर दिसलेच आहे. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. त्यानंतरच्या उन्हाळी शिबिरात एक दुपार राखून, कोऱ्या संगणकावर, ज्याने सर्व्हर कधीही बसवलेला नाही अशा कार्यकर्त्याला ते टिपण हाती देऊन बसवता येईल. ज्याने ते लिहिले त्याने त्या वेळी खोलीत असावे, पण बोलू नये. नवखा जेथे थबकेल ती ओळ पेन्सिलीने खुणावावी आणि शिबिर संपण्यापूर्वी ती दोघांनी मिळून पुन्हा लिहावी.